जेली वापरल्यामुळे दिवस राहत नाहीत का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 29, लग्नाला दोन वर्षं झाली, आठ महिने बाळासाठी प्रयत्न चाललेत. संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली जेली वापरत होता. जाऊबाईंच्या नजरेला ट्यूब पडली आणि त्या म्हणाल्या, "असलं काहीबाही लावतेस, मग पाळणा कसा हलणार?" तेव्हापासून जेली बंद आहे, दुखणं सोसताय, आणि जाऊबाईंचं म्हणणं खरं का ते विचारताय.

आधी उत्तर देते. तुम्हाला दिवस राहत नाहीत ते जेलीमुळे, असं मानायला आधार नाही. जेली चांगली निवडता येते, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण दुखणं सोसून कोरडा संबंध ठेवू नका.

मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. वीर्यतपासणीचे नमुने रोज माझ्या हातून जातात. तुमच्या जाऊबाईंना जे वाटतं तेच मलाही एकेकाळी वाटायचं, आणि मला ते मायक्रोस्कोपमधून दिसलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक नमुना आला. थेंब काचेवर घेतला, वर छोटी काच ठेवली, पाहिलं तर शुक्राणू भरपूर, पण सगळे जागच्या जागी. एखाद्याची शेपटी थरथरत होती, पुढे कोणीच जात नव्हतं. मधेमधे पारदर्शक, गुळगुळीत असे पट्टे दिसत होते. सरांनी त्या गृहस्थांना फोन करून विचारलं, तेव्हा त्यांनी नमुना देताना जेली लावल्याचं सांगितलं. चार दिवसांनी काहीही न लावता दिलेला नमुना आला. त्याच माणसाचे शुक्राणू, पण काचेवर जत्रेसारखी धावपळ.

त्याच वर्षी आमचेही प्रयत्न चालू होते. घरी गेल्यावर मी ट्यूब कचऱ्यात टाकली. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल?

काचेवर दिसलेलं खोटं नव्हतंच. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ॲस्ट्रोग्लाइड, के-वाय जेली अशा नेहमीच्या पाण्यात विरघळणाऱ्या जेलींमध्ये शुक्राणू तासभर ठेवले, तेव्हा त्यांची हालचाल 60 ते 100 टक्के कमी झाली. थुंकीनंही शुक्राणू मंदावतात. जेलीच्या बाबतीत मोठं कारण म्हणजे तिच्यात विरघळलेल्या पदार्थांचा दाटपणा. लोणच्यासाठी कैरी चिरून मीठ लावलं की फोडींना पाणी सुटतं आणि त्या आक्रसतात, तसंच इथे होतं. बऱ्याच जेलींमध्ये ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल इतकं असतं की शुक्राणूतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हा दाटपणा मोजायचं एक माप आहे, ऑस्मोलॅलिटी. वीर्याची ती साधारण 300 ते 380 असते. बाजारातल्या कित्येक जेलींची हजाराच्या वर जाते, काहींची तर कित्येक हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की जेली शक्यतो 380 च्या आत असावी, आणि 1200 च्या वर तर नकोच.

मग शरीरात तसंच का होत नाही? माझ्या काचेवर शुक्राणू आणि जेली एकत्र कोंडलेले होते, सुटायला वाट नव्हती. शरीरात वीर्य गर्भाशयाच्या तोंडाशी पडतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तिथला स्राव पातळ आणि तारेसारखा लांबणारा असतो. चपळ शुक्राणू काही मिनिटांत त्यात शिरतात आणि जेली मागे राहते. जे योनीत उरतात ते तिथल्या आम्लपणामुळे काही तासांत मरतातच, जेली असो वा नसो. त्यात जेली बहुतेक योनीच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला लावलेली असते.

प्रत्यक्ष जोडप्यांवरचे अभ्यासही हेच सांगतात. 2012 साली अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या, बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला. जेली वापरणाऱ्यांना दिवस राहण्याची शक्यता कमी आढळली नाही. 2018 मध्ये डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त बायकांच्या माहितीतूनही तेच निघालं. त्यामुळे जाऊबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

आता दुखण्याविषयी, कारण मला जास्त काळजी त्याची वाटते.

ट्यूब फेकल्यावर आमच्याकडे काय झालं ते सांगते. तेव्हा आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. मधे नुसती प्लायवूडची भिंत, पलीकडे सासूबाई आणि धाकटे दीर. ह्यांची सेकंड शिफ्ट, घरी यायला रात्रीचे साडेबारा. कॅलेंडरवर पेनानं गोल केलेली तारीख, म्हणून आज झालंच पाहिजे. पलंग वाजतो म्हणून अंथरूण खाली. अशा घाईत आणि धास्तीत अंग ओलं होणार कुठून? दुखायचं, मी दात आवळून पडून राहायची, ह्यांना ते कळायचं आणि तेही मागे सरायचे. चार महिन्यांत ते नेमके दिवस तीनदा हुकले. जेलीनं जे केलं नसतं ते दुखण्यानं केलं.

कोरडेपणा म्हणजे तुमच्यात दोष आहे असं नाही. घाई, घरात नसलेला एकांत, "या महिन्यात तरी" हे डोक्यावरचं ओझं, एवढं पुरतं. औषधांमुळेही होतो. अंडं तयार व्हावं म्हणून देतात त्या क्लोमिफेननं गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव आटू शकतो, सर्दीच्या काही गोळ्यांनीही कोरडं पडतं. तुम्ही असलं काही घेत असाल तर डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. आणि पुरेशी जेली लावूनही आत जाताना आग होत असेल किंवा अंग आपोआप आवळलं जात असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो किंवा योनीभोवतीचे स्नायू आखडत असतील. दोन्हींवर उपचार आहेत. लाजू नका.

जेली निवडताना लेबल वाचा. नॉनॉक्सिनॉल-9 असेल तर ती घ्यायचीच नाही, ते शुक्राणू मारणारं औषध आहे. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेली नको, गरम किंवा झिणझिण्या आणणारी नको. "फर्टिलिटी फ्रेंडली" लिहिलेली मिळाली तर उत्तम. अशा जेलींसाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, वेगळा वर्गच केलाय, त्यात प्री-सीडसारख्या जेली येतात आणि त्या शुक्राणू, अंडं आणि गर्भाला चालतात का हे तपासलेलं असतं. मेडिकलमध्ये नसेल तर मागवून घ्या. मिळेपर्यंत साधी पाण्याची जेली थोडीशी, बाहेरच्या बाजूला लावली तर घाबरू नका. व्हॅसलीन आणि केसांचं वासाचं तेल मात्र आत लावू नका, त्यानं जंतुसंसर्ग वाढू शकतो. बधिर करणारी जेली काही बायका परस्पर आणतात. तीही नको, कारण तिनं दुखणं फक्त झाकलं जातं.

तुम्ही स्राव बघून दिवस ओळखत असाल तर एक ध्यानात ठेवा. आदल्या रात्रीची जेली सकाळी अगदी त्या मधल्या दिवसांतल्या स्रावासारखी, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी दिसते आणि फसगत होते. त्यापेक्षा पाळीच्या तारखा धरा. अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. तो दिवस आणि त्याआधीचे पाच, हे सहा दिवस महत्त्वाचे. पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, अंडं मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून त्या दिवसांत एक दिवसाआड पुरे. एकच तारीख धरून बसलं की आमच्यासारखं होतं.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर गोकुळ शिरगावला फौंड्रीत भट्टीवर असतात आणि तंबाखूचा मावा खातात. जाऊबाईंनी ट्यूब पाहिली, पण याबद्दल कोणी काही बोललं का? वृषणं शरीराबाहेर असतात कारण त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. रोज आठ तास भट्टीची धग लागली तर शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. तंबाखूनंही होतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज मावा सोडला तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी आमच्या लॅबला आधी बाईच्याच पाच तपासण्यांचे कागद येतात आणि नवऱ्याचा नमुना वर्षानं येतो. मला याचा खरोखर त्रास होतो.

एरवी वर्षभर प्रयत्न करून मग तपासणीला जा म्हणतात, बाईचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिने. तुमच्या घरी भट्टीचं काम आहे आणि तुम्हाला दुखतंय, म्हणून मी थांबायला सांगणार नाही. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध नको. आणि इथे मात्र जेलीला सक्त मनाई, तशीच थुंकी, साबण, तेल आणि साधा कंडोम यांनाही. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर लॅबच्याच डबीत, अंगाच्या उबेला धरून, तासाच्या आत. गडहिंग्लजहून एसटीनं, तासाहून जास्त वेळ डबी घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. तो रिपोर्ट वाईट आला तर त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो.

आमचं काय निघालं तेही सांगते. ह्यांचा रिपोर्ट चांगला होता. माझा थायरॉईड बिघडलेला होता आणि त्यामुळे अंडं वेळेवर सुटत नव्हतं. रोजची एक गोळी सुरू झाली, जेली पुन्हा कपाटात आली. सात महिन्यांनी दिवस राहिले. मुलगी आता दुसरीत आहे.

दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, स्त्रीरोगाची ओपीडी आहे. पहिल्याच भेटीत सांगा की संबंधाच्या वेळी दुखतं, जेली वापरत होते आणि ती ही. ट्यूब पर्समध्ये टाकून न्या आणि टेबलावर ठेवा, म्हणजे नाव आठवत बसावं लागणार नाही.