वाचक विचारतात: पेगीज कोव्हचे पिंजरे

प्रश्न: मे महिन्यात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, सेंट मार्गरेट्स उपसागराच्या तोंडावरच्या पेगीज कोव्हला जाणार आहोत. तिथल्या धक्क्यांवर दिसणाऱ्या पिंजऱ्यांत शेवंड (लॉबस्टर) कशी अडकते? खडकांवर फिरता येतं का?

उत्तर: पिंजऱ्याचे दोन कप्पे असतात. पहिल्यात बांगडा किंवा हेरिंगचं आमिष बांधतात. जाळीच्या नरसाळ्यातून शेवंड आत शिरते, बाहेरची वाट शोधताना दुसऱ्या नरसाळ्यातून मागच्या कप्प्यात जाते आणि तिथेच राहते. छोट्यांना निसटायला मुद्दाम फट ठेवलेली असते. दोरी तुटून पिंजरा तळाशी हरवला, तर तो मासे मारतच राहतो; म्हणून एक झडप कुजणाऱ्या वस्तूने बांधतात, ती कुजली की झडप उघडते. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत ८२.५ मिमी भरली नाही, तर शेवंड परत पाण्यात. अंडी असलेली मादीही. हा नियम फार मोलाचा आहे. इथला हंगाम नोव्हेंबरअखेर ते ३१ मे, म्हणजे तुम्हाला होड्या कामावर दिसतील. या शेवंडीला मोठ्या नांग्या असतात, आपल्या कोकणातलीला नसतात.

खडकांवर जरूर फिरा, पण फक्त कोरड्या, पांढुरक्या ग्रॅनाइटवर. काळा दिसणारा खडक ओला आणि शेवाळलेला असतो. समुद्र शांत भासतानाही अचानक मोठी लाट तिथवर येते. माणसं वाहून गेली आहेत.