पुस्तक कुणासाठी हवंय, ते आधी सांगा

गणपती उठले की आमच्या वाचनालयात एकच मागणी सुरू होते : दिवाळीला भेट द्यायला एखादं चांगलं पुस्तक सुचवा. कुणासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, "भाच्यासाठी." भाचा काय वाचतो, कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकून दिलं, त्याला जोडाक्षरं अडतात का, यातलं काहीच माहीत नसतं. मी बालविभागाची ग्रंथपाल आहे. वाचणारा माणूस ठाऊक नसताना पुस्तक सुचवणं मला जमत नाही आणि दुसऱ्या कुणी ते करू नये असंच मला वाटतं. यंदा पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं देत आहे.

नातू आठ महिन्यांचा आहे. इतक्या लहान बाळाला पुस्तक द्यावं का? बटण दाबलं की गाणं वाजणारी पुस्तकं बाळांना फार आवडतात, असं दुकानदार म्हणाला. (आजी, सांगली)

पुस्तक जरूर द्या. बाळ ते आधी तोंडात घालेल, मग आपटेल, मग कधीतरी पाहील. म्हणून जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे आणि एका पानावर एकच मोठं, ठसठशीत चित्र, एवढं बघा. कापडी पुस्तकही चालेल. चकचकीत पातळ कागदाचं नको, त्याच्या कडेनं ओठ कापतो.

गाणं वाजवणारं पुस्तक मात्र परत ठेवा. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत नाण्यासारखा चपटा बटण-सेल असतो. तो बाळानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं. असं पुस्तक घरात आधीच आलं असेल तर सेलचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवलेलं आहे का ते आजच तपासा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं. आणि गाणं तुम्ही म्हणा, बाळाला तेच हवं असतं. बाळ चित्राकडे बघतच नाही असं वाटलं, तर ते पुढच्या लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

पुस्तकाऐवजी दुकानाचं कूपन दिलं तर? (नाशिक)

चौदा-पंधरा वर्षांपुढच्यांना चालेल. त्याहून लहान मुलाला कूपन देऊ नका, त्याच्यासोबत दुकानात जा.

भाचा चौथीत आहे. प्रदर्शनात पन्नास गोष्टींच्या पुस्तकांचा 'संस्कार संच' ६०० रुपयांना मिळतोय, छापील किंमत २,५०० आहे. एवढ्या पैशांत एरवी तीन-चार पुस्तकं येतात. घेऊन टाकावा ना? (मामा, अहिल्यानगर)

घेऊ नका. याचं उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण दिवाळीनंतर हेच संच "शाळेला द्या, नाहीतर तुम्ही ठेवून घ्या" म्हणत आमच्याकडे येतात आणि त्यातलं एकही पुस्तक उघडलेलं नसतं.

संचातलं कोणतंही एक पुस्तक उघडा आणि मुखपृष्ठामागचं पान बघा. लेखक कोण? नाव नाही. चित्रकार कोण? नाव नाही. कुणी अनुवाद केला, पहिली आवृत्ती कधीची? पत्ता नाही. फार तर 'संपादक मंडळ' आणि एक मोबाइल नंबर. पंचतंत्र, इसाप, अकबर-बिरबल, तेनालीराम यांच्या गोष्टींवर कुणाचा हक्क नाही, त्या कुणीही छापाव्यात. पण सांगणं हे कुणाचं तरी काम असतं. सिंह विहिरीत डोकावतो तिथे किती थांबायचं, माकड मगरीला उत्तर देतं ते एका वाक्यात की तीन वाक्यांत, हे कुणीतरी विचार करून ठरवावं लागतं. ज्या पुस्तकावर कुणाचंच नाव नाही, त्याची जबाबदारीही कुणाची नसते, आणि ते पानापानावर दिसतं. सोळा पानांच्या एका फॉर्मात, म्हणजे एकाच मोठ्या छापील कागदाच्या घडीत, बसवायची म्हणून गोष्ट मधूनच तोडलेली असते. मजकुरात लांडगा, चित्रात कोल्हा. जुन्या फॉन्टमधून नव्यात आणताना जोडाक्षरं फुटलेली, रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला. दुसऱ्या भाषेतून घाईघाईनं उतरवलेली "कोल्ह्याला खूप भीती लागली" असली वाक्यं. चौथीतलं मूल नुकतं कुठे स्वतःहून सलग वाचायला लागलेलं असतं. अक्षर अडलं तर चूक छपाईची आहे हे त्याला कळत नाही. आपल्यालाच वाचता येत नाही असं त्याला वाटतं. याची मला फार काळजी वाटते. अशी मुलं मग आमच्याकडे येऊन "मला मराठी वाचायला आवडत नाही" म्हणतात आणि घरचे मोबाइलला दोष देतात.

शेवटी चौकटीत तात्पर्य असतंच. मुलं आधी ती चौकट वाचतात आणि पुस्तक मिटतात. संस्काराचं म्हणाल तर गोष्ट नीट सांगितली असेल तर ती चौकट लागत नाही, आणि गोष्टच वाईट असेल तर चौकटीनं काही होत नाही.

आता किंमत. २,५०० हा आकडा संच विकणाऱ्यानंच छापला आहे, त्यामुळे त्यावरची सूटही त्याचीच. "जीएसटी धरून ६००" असं कुणी सांगत असेल तर छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे त्याला तिथेच ऐकवा. शिवाय पन्नास पुस्तकांची थप्पी समोर आली की मुलाला ती भेट वाटत नाही, गृहपाठ वाटतो. संच मोठा दिसतो ते देणाऱ्याच्या समाधानासाठी.

त्याच ६०० रुपयांत तीन-चार चांगली पुस्तकं घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त आहे आणि मराठीतही आहे. मुलांसाठी मन लावून चित्रपुस्तकं काढणारे मराठी प्रकाशकही आहेत. दुकानात उभ्यानं एक पान हलक्या आवाजात वाचा. तुमची जीभ जिथे अडखळेल तिथे भाचाही अडखळेल. पैसेच खर्चायचे नसतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचायला मिळतात, आणि तिथल्या गोष्टींवरही लिहिणाऱ्याचं, चित्रं काढणाऱ्याचं, अनुवाद करणाऱ्याचं नाव असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की लेखकानं हक्क विकले तरी ही कृती माझी आहे, असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. चित्रकारालाही हे लागू आहे. फुकटच्या गोष्टीवर नावं छापता येतात, तर ६०० रुपयांच्या संचावर का नाही, असं विक्रेत्याला जरूर विचारा. तो प्लॅस्टिकचं वेष्टण उघडूच देत नसेल तर पुढे बोलायची गरज नाही.

खरेदीच्या आधी भाच्याला फोन करा. शाळेच्या ग्रंथालयातून त्यानं शेवटचं कोणतं पुस्तक आणलं, ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर त्याच्या वर्गशिक्षकांना विचारा.

भाची इंग्रजी माध्यमात सहावीला आहे. इंग्रजी जाडजूड पुस्तकं सहज वाचते, मराठी पुस्तकाला हात लावत नाही. तिच्यात मराठीची गोडी कशी निर्माण करू? (आत्या, ठाणे)

एका पुस्तकानं गोडी निर्माण होत नाही, ती अपेक्षा सोडा. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मराठी सक्तीची आहे, त्यामुळे तिला अक्षरं येत असणार. फक्त वेग कमी असणार. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला पहिलीची चित्रगोष्ट दिली तर तिचा अपमान होतो, आणि आजोबांच्या आवडीची ऐतिहासिक कादंबरी दिली तर दुसऱ्या पानावर दम लागतो. तिच्या वयाचा विषय आणि तिच्या वेगाला झेपेल एवढा मजकूर, असं हवं : छोट्या कथा, विज्ञानातले प्रयोग, कोडी, चित्रकथा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. आधी ते तिच्याबरोबर चाळा, ती कुठे थांबते ते बघा आणि मग पुस्तक निवडा. पहिली गोष्ट तुम्ही वाचून दाखवा. तिला दोन्ही भाषांत अक्षरं उलटसुलट दिसतात, ओळी निसटतात, असं काही जाणवलं तर "आळशी आहे" हा शेरा न मारता शाळेतल्या समुपदेशकांना भेटा.

पुतणी दहावीत आहे. या वर्षात कादंबरी देऊ नये, असं सगळे म्हणतात. (कोल्हापूर)

द्या. कोणती द्यायची ते मात्र तिलाच विचारा. यशाची सूत्रं सांगणारं पुस्तक देऊ नका, ते तिला याच वर्षात आणखी चार जण देणार आहेत.

'श्यामची आई' एका दुकानात ८० रुपयांना आहे, दुसरीकडे २५० ला. स्वस्तातली बनावट समजायची का? (पुणे)

इथे स्वस्त म्हणजे बनावट, असं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, ते वर्ष संपल्यावर मोजायला सुरुवात करून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो. त्यामुळे आता फक्त आवृत्तीचा दर्जा तपासायचा. मजकूर पूर्ण आहे की 'संक्षिप्त' हा शब्द बारीक अक्षरात दडवला आहे? कागद पलीकडचं दाखवतो का? रात्री एकेक करून बेचाळीस आठवणी सांगितल्या आहेत, तेवढ्या अनुक्रमणिकेत मोजून घ्या.

हयात लेखकाचं किंवा अलीकडे गेलेल्या लेखकाचं पुस्तक फुटपाथवर किंवा इंटरनेटवर पाव किमतीत, कोरं करकरीत मिळत असेल तर गोष्ट वेगळी. मुखपृष्ठ धूसर, छपाई तिरकी, पानं चिकटवलेली आणि पहिल्या वाचनात सुटणारी असतील तर ती चोरी आहे. भेट म्हणून चोरीचा माल देऊ नये. वापरलेलं जुनं पुस्तक देण्यात मात्र काहीच गैर नाही. शंका असेल तर मूळ प्रकाशकाला फोन करा, त्याचा नंबर खऱ्या प्रतीवर असतो.

वडील ७८ वर्षांचे. आयुष्यभर वाचलं, आता पुस्तक उघडतात आणि मिटून ठेवतात. मोठ्या अक्षरातलं धार्मिक पुस्तक द्यावं का? (लातूर)

ते आधी धार्मिक वाचत होते का? नसतील तर वय झालं म्हणून त्यांची आवड बदलू नका.

पुस्तकाआधी डोळ्यांची तपासणी. "वयानं होतंच" असं ऐकून लोक वर्ष वर्ष घालवतात आणि मोतीबिंदू पिकत राहतो. नेत्रतज्ज्ञांना भेटल्याशिवाय मोठ्या अक्षराचं पुस्तक घेऊ नका. चष्म्याचा नंबर बदलल्यावर कदाचित नेहमीचंच पुस्तक चालेल. तरीही मोठं अक्षर लागलंच तर १६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, ओळींमध्ये मोकळी जागा बघा आणि जाड, वजनदार पुस्तक टाळा, कारण मनगटंही थकलेली असतात. ऐकायला आवडत असेल तर मराठीत श्राव्य पुस्तकं आता भरपूर आहेत. विकत घेण्याआधी पाच मिनिटं ऐकवा, वाचणाऱ्याचा आवाज त्यांना रुचायला हवा. दृष्टी फारच कमी झाली असेल तर छापील वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून सुरू असलेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी करा.

भेटीच्या पुस्तकावर नाव आणि तारीख लिहावी का? (रत्नागिरी)

वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. पुस्तक आधीच घरात असेल तर बदलून आणता येतं.

आईला दरवर्षी दिवाळी अंक देते. यंदा कोणता चांगला आहे? (नागपूर)

अंक हातात येण्याआधी हे कुणीच सांगू शकत नाही. जे आत्ताच याद्या फिरवत आहेत त्यांनी अंक वाचलेला नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा आहे, आणि तेव्हापासून एकाच नावाचा अंक एका वर्षी उत्तम तर पुढच्या वर्षी जाहिरातींनी भरलेला, असं होत आलं आहे. आईला गेल्या वर्षी कोणता आवडला ते विचारा आणि तो एक घ्या. बाकीच्यांसाठी तिला जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना घेऊन द्या. थोड्या वर्गणीत महिनोन्महिने अंक बदलून मिळतात.

गडचिरोलीतल्या भावाच्या मुलांना पुस्तकं पाठवायची आहेत. कुरिअर फार महाग पडतं. बुक पोस्टनं धनत्रयोदशीच्या आधी पोचतील का? (पनवेल)

रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकं सवलतीच्या दरात पाठवण्यासाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. सुरुवातीचे दर असे होते : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठवर पोचलं ते बघता येतं. मात्र ही टपाल जमिनीवरून जाते, विमानानं नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात टाकून दिवाळीला पोचण्याची अपेक्षा ठेवू नका. दरवर्षी लोक वसुबारसेला पुस्तक निवडायला येतात आणि उशिराचं खापर पोस्टावर फोडतात. पाकिटात जाहिराती, पत्रकं घालू नका. दिवाळी अंक या सवलतीत बसेल असंही गृहीत धरू नका. वजन, बांधणी आणि आजचा दर पोस्टाच्या खिडकीवर विचारून घ्या, आणि त्याआधी भावाला फोन करून मुलं कोणत्या इयत्तेत आहेत ते विचारा, कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही.