तुमचे प्रश्न : बीच शांत आहे, पण आधी बोटीचं बघा

प्रश्न : नमस्कार ताई, ऑगस्टमध्ये ह्यांच्या ऑफिसच्या कामासाठी आम्ही सगळेच दहा दिवस टोकियोला जातोय. मुलगी नऊ वर्षांची, क्लबच्या टँकमध्ये मस्त पोहते पण समुद्रात पाय टाकायला तयार नाही, जुहूला एकदा लाटेने पाडलं तेव्हापासून. सासूबाई ६८ च्या, गुडघे दुखतात, पण माहेर रेवदंड्याचं त्यामुळे समुद्र म्हटलं की पुढे. टोकियोजवळच्या एका बेटावर लाटा नसलेला बीच आहे असं ऐकलं. एका दिवसात जाऊन येता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आहे, आणि तुमच्या मुलीसाठी मी पण तोच सुचवला असता. बेटाचं नाव शिकिनेजिमा आणि बीचचं नाव तोमारी. टोकियोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर, पण कारभार टोकियोचाच, तिथल्या गाड्यांवर नंबर पण टोकियोच्या शिनागावाचा असतो. बेट एवढंसं की चार चौरस किलोमीटरही भरत नाही, वस्ती पाचशेच्या आसपास.

तोमारी म्हणजे बोटीने नांगर टाकून मुक्काम करायची जागा. ह्या एका शब्दात सगळं आलं बघा, आपल्याकडे कोळी लोक होड्या कुठे लावतात, जिथे लाट येत नाही तिथेच ना. पंख्याच्या आकाराची छोटीशी खाडी, दोन्ही बाजूंनी खडक पुढे आलेले आणि समुद्राकडे फक्त एक अरुंद तोंड, त्यामुळे बाहेर लाट फुटत असली तरी आत येईपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. मी पहिल्यांदा वरच्या रस्त्यावरून बघितलं तेव्हा पाण्यात पोहणाऱ्या माणसांच्या सावल्या खालच्या वाळूवर वेगळ्या दिसत होत्या, इतकं नितळ पाणी. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची, ती पण लाटेला घाबरणारी, अर्धा तास कडेला बसून नुसते पाय भिजवले आणि मग आपली आपणच कमरेइतक्या पाण्यात गेली, आम्ही काही म्हटलं नाही. तुम्ही पण काही म्हणू नका, हे पाणीच तिला सांगेल.

आता एका दिवसाचं. वेळापत्रकात बघाल तर जमतंय असं वाटेल, कारण जेट बोटीने अडीच-तीन तासच लागतात. तरी माझं स्पष्ट मत आहे की जाऊ नका. बीच शांत आहे, पण तिथपर्यंत नेणारा समुद्र उघडा आहे, आणि बोट लागते ती धक्क्याला, बीचला नाही. लोक बीचचे फोटो बघून प्लॅन करतात आणि बोटीचं शेवटी बघतात, ते नेमकं उलटं करायला पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगतेय. पहिल्या खेपेला आम्ही बेटावरून निघायचा दिवस आणि विमानाचा दिवस अगदी लागून ठेवले होते. निघायच्या दिवशी आकाश निळंशार, बीचवर पोरं पोहतायत, आणि आम्ही बॅगा घेऊन धक्क्यावर. बोट आली, समोर दिसत होती, हेल्मेट घातलेली माणसं दोर धरायला उभी होती, पण धक्क्याशी पाणी एवढं वरखाली होत होतं की बोट जवळ येऊन थांबली, थोडी मागे गेली, भोंगा वाजवला आणि निघून गेली. भाची रडायला लागली, आणि खरं सांगते, मला पण रडू आलं. विमान चुकलं, तिकिटांचे पैसे गेले. कॅप्टनचा निर्णय बरोबरच होता, चूक आमच्या प्लॅनिंगची होती, मध्ये दिवसच ठेवला नव्हता.

तिथे ह्याला एक शब्द आहे, 'जोकेन-त्सुकी', म्हणजे अटीवर सुटणारी बोट. टोकियोहून निघेल, पण लाटा जास्त असल्या तर तुमच्या बेटाला न लागता पुढे जाईल किंवा परत येईल. निघायच्या दिवशी बोर्डावर हा शब्द दिसला तर तिकीट काढण्याआधी काउंटरवर नीट विचारा. आपल्याला हे काही नवीन नाही, गेटवेहून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंदच असतात आणि भाऊच्या धक्क्यावरची मोठी रो-रो मात्र बऱ्याचदा चालू असते, तसंच तिकडे पण छोटी जेट बोट आधी रद्द होते आणि मोठं जहाज त्यातल्या त्यात तग धरतं.

म्हणून तुमच्यासाठी असं करा. दहा दिवसांतले पहिले चार-पाच दिवस बेटासाठी धरा, शेवटचे नाही. जाताना रात्रीचं मोठं जहाज घ्या, हामामात्सुचो स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या ताकेशिबा धक्क्यावरून रात्री दहा-अकराला सुटतं, वाटेत ओशिमा, तोशिमा, नीजिमा घेत सकाळी नऊच्या सुमारास शिकिनेजिमाला. सगळ्यात स्वस्त क्लासमध्ये कार्पेटवर नंबर टाकलेली जागा मिळते, तिथे आडवं व्हायचं, सासूबाईंना खाली बसून उठणं जमत नसेल तर बर्थवाला क्लास घ्या, त्यात कंजूषी नको. बेटावर दोन रात्री, जमलं तर तीन. येताना जेट घ्या, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विमान नको. उन्हाळ्याच्या सीझनची तिकिटं साधारण दोन महिने आधी सुरू होतात आणि शनिवार-रविवारची भराभर जातात. आणि हो, कोणाला बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही. आल्याच्या वड्या पर्समध्ये असू द्या.

राहायला मिन्शुकू, म्हणजे घरगुती खोल्या, बहुतेक ठिकाणी दोन वेळचं जेवण धरून. धक्क्यावर गाडी घेऊन न्यायला येतात, बुकिंग करताना तसं सांगून ठेवा. पण झोपायचं ते जमिनीवरच्या गादीवर, तेव्हा सासूबाईंसाठी एक खुर्ची मिळेल का हे आधीच विचारा. बीचवर उतरायला थोडा उतार आहे, काठी असेल तर बरं.

प्रश्न : त्याच पत्रात पुढे : सासूबाईंनी पाण्यात काय घालावं? आणि तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणे, जपानमध्ये त्यात कपड्यांशिवाय उतरतात ना, आम्हाला ते जमणार नाही.

उत्तर : अजिबात संकोच करू नका. जपानी बायका स्वतःच उन्हापासून वाचायला पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप, खाली लेगिंग आणि डोक्यावर टोपी अशा पाण्यात उतरतात, त्यामुळे सासूबाई अंगभर कपड्यांत असल्या तरी कोणी वळून बघणार नाही. फक्त कॉटनचा सलवार-कुर्ता नको, भिजला की पायात अडकतो आणि जड होतो. दादरला नायलॉनचे फुल स्विमसूट मिळतात, इथूनच घेऊन जा, तिकडे मापाचा मिळेलच असं नाही. पायात रबरी बूट हवेतच, कडेचे खडक धारदार आहेत.

कुंडांचं तुम्ही ऐकलं ते जपानच्या बहुतेक ठिकाणी खरं आहे, पण शिकिनेजिमाची समुद्राकाठची कुंडं वेगळी, तिथे स्विमसूट घालूनच उतरायचं असतं, बायका-पुरुष-पोरं सगळे एकत्र, आणि फुकट. आपल्या वज्रेश्वरीसारखंच, फक्त समोर समुद्र. सासूबाईंना मात्सुगाशिता-मियाबियुला न्या, तिथे फार चढउतार नाही. जिनाता नावाचं दुसरं कुंड बघायला फार सुंदर, डोंगराला कुऱ्हाडीने चीर पाडावी तशा घळीत तांबूस पाणी, पण खाली उतरायला खूप पायऱ्या आहेत आणि गुडघ्यांना ते झेपणार नाही. शिवाय तिथलं झऱ्याचं पाणी ८० अंशांच्या आसपास गरम असतं, समुद्राचं पाणी मिसळलं तरच बसण्यासारखं होतं, म्हणजे सगळं भरती-ओहोटीवर. आणि इथे एक सांगते, सासूबाई तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतील, आमची आजी पण काढायची, अष्टमीला सहा वाजता आणि बरोबर यायचं, पण तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, तिकडे लागू होत नाही. मिन्शुकूत त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक मागा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये नक्की कधी जावं? माझा मुलगा टोकियोत शिकतो, तो म्हणतो की तुम्ही सप्टेंबरमध्ये या, गर्दी नसते. (एक काका, गिरगाव)

उत्तर : काका, गर्दीचं मुलगा बरोबर सांगतोय, पण पोहायचं असेल तर मी जुलैचा शेवट किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणेन. टोकियोकडचा पाऊस साधारण २० जुलैच्या आसपास संपतो. १३ ते १६ ऑगस्टला ओबोन असतो, म्हणजे आपल्याकडे गणपतीला चाकरमानी निघतात तसा सगळा देश गावी निघतो, बोट मिळत नाही, खोली मिळत नाही. त्यानंतर तुफानं. तुफान लांब असलं तरी त्याच्या लाटा चार-चार दिवस आधी येऊन पोचतात, ऊन पडलेलं, वारा नाही आणि समुद्र मात्र फुगलेला. जपानीत ह्या लाटांना वेगळं नाव आहे, 'दोयो-नामी'. आमची बोट चुकली ती ह्याच लाटांमुळे. सप्टेंबरात सीझन संपलेला असतो, त्यामुळे लाइफगार्ड असेल असं धरून चालू नका. जायचंच असेल तर फिरायला जा, सायकल घ्या, कुंडात बसा, पण पोहण्यावर सगळा बेत ठेवू नका.

प्रश्न : आम्हाला शाळेच्या सुट्टीतच म्हणजे मे महिन्यात जमतं. दोन मुलं, सहा आणि अकरा. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : मग शिकिनेजिमा नको, मे मध्ये तिथलं पाणी २० अंशांच्या आसपास, आपल्या मुलांचे ओठ निळे पडतील. तुम्ही ओकिनावाला जा. तिथे नाहा शहरात एक बंदर आहे, त्याचंही नाव तोमारीच, तिथून तोकाशिकी बेटाला फास्ट बोट साधारण ४० मिनिटांत जाते आणि मोठी फेरी ७० मिनिटांत. तिथला आहारेन बीच किंवा शेजारच्या झामामी बेटावरचा फुरुझामामी, दोन्ही सुंदर. ही सगळी केरामा बेटं, २०१४ पासून नॅशनल पार्क. पण एक बघा, ओकिनावाचा पाऊस साधारण १० मे ला सुरू होतो, म्हणून सुट्टी लागल्या लागल्या, एप्रिलमध्येच निघा. मात्र २९ एप्रिल ते ५ मे जपानची मोठी सुट्टी असते, तेवढे दिवस टाळा.

ओकिनावात खडकांऐवजी प्रवाळाची भिंत लाट अडवते. भिंतीच्या आतल्या उथळ पाण्याला तिथले लोक 'इनो' म्हणतात, आणि समुद्रातलं शेत म्हणून त्याच्याकडे बघतात, आमटीपुरते शिंपले-शेवाळ तिथूनच आणायचे. पाणी इतकं शांत की पोरांना सोडून द्यावंसं वाटतं, पण ते करू नका. ओहोटीला आतलं सगळं पाणी भिंतीतल्या फटीतून बाहेर धावतं आणि त्याबरोबर माणूस पण ओढला जातो, वरून काही दिसत नाही. लाइफगार्ड आहे तिथेच, दोरीच्या आतच. आणि इशिगाकीची काबिरा खाडी फोटोत सगळ्यात निळी दिसते, तिथे पोहायला बंदी आहे, नुसती काचेच्या तळाची बोट.

प्रश्न : जेलीफिशचं काय? जुहूला निळ्या जेलीफिशने माझ्या मुलाच्या पायावर वळ उठले होते. (एक बाबा, अंधेरी)

उत्तर : जुहूला पावसाळ्यात येतो तो ब्लू बॉटल टोकियोच्या बेटांकडे पण येतो, तिकडे त्याला कात्सुओ-नो-एबोशी म्हणतात. वाळूवर मेलेला निळा फुगा दिसला तरी मुलांना हात लावू देऊ नका, मेल्यावरही डसतो. डसलाच तर धागे उघड्या हाताने काढायचे नाहीत, चिमटा किंवा जाड टॉवेल घ्या, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, नळाचं पाणी नको, आणि व्हिनेगर तर नकोच. हे मुद्दाम लिहितेय कारण ओकिनावातला हाबू जेलीफिश वेगळा, त्याला उलट व्हिनेगरच ओततात, आणि तिथल्या बऱ्याच बीचवर त्याच्यासाठी जाळी लावलेली असते. लोक दोघांची गल्लत करतात. श्वास लागला तर वेळ न घालवता अँब्युलन्स ११९. समुद्रात कोणी अडकलं तर जपानी कोस्ट गार्डचा नंबर ११८.

आणि बीचवर लाल-पांढऱ्या चौकटींचा मोठा झेंडा कोणी हलवताना दिसला, तर तो त्सुनामीचा इशारा आहे, २०२० पासून सुरू केलाय. पाण्यात भोंगा ऐकू येत नाही म्हणून झेंडा. टॉवेल, चपला, मोबाईल सगळं तिथेच टाकायचं आणि पोरांना घेऊन चढावर जायचं. हे मुलांना विमानातच शिकवून ठेवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, बेटावर खायचं काय? (एक ताई, दादर)

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर अवघड आहे, साध्या सूपमध्ये पण माशाचा अर्क असतो. मिन्शुकूला बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, भात मिळेल, भाज्या मिळतील, आणि आशिताबा नावाच्या पाल्याची भजी नक्की मागा. आशिताबा म्हणजे उद्याचं पान, आज खुडलं की उद्या नवीन येतं असं तिथले म्हणतात. चव थोडी कडू, मेथीसारखी, पण भज्यांच्या पिठात अंडं नाही ना ते विचारा आणि बरोबरची चटणी बाजूला ठेवा, त्यात मासा असतो. दशम्या, मेतकूट आणि लोणचं घरून न्या.

आणि मुलुंडच्या सासूबाईंसाठी : तिथे कुसाया नावाचा सुका मासा मिळतो, खारवलेल्या जुन्या पाण्यात भिजवून वाळवलेला. वासाने टोकियोचे लोक नाक धरतात, पण ज्यांच्या अंगणात सुकट वाळली आहे त्यांना त्याचं काही वाटू नये. मी आवडीने खाल्लाय, गरम भाताबरोबर. आदल्या रात्री मालकिणीला सांगून ठेवा, ती सकाळी बाहेर अंगणात भाजून देते.