संत्रं-पिस्ता क्रीम बिस्किटं : संत्र्याचा वास का येत नाही आणि बिस्किट मऊ का पडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पिठात अर्धी वाटी संत्र्याचा रस घालूनही भाजल्यावर वास राहत नाही आणि क्रीम भरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी बिस्किट मऊ पडतं. माझ्या मते दोन्हीचं कारण एकच, तो रस. तो आधी बंद करा.

रस म्हणजे जवळपास सगळं पाणीच, थोडी साखर नि आंबटपणा. वास असतो सालीच्या केशरी भागात, तिथे बारीक बारीक तेलाच्या पिशव्या असतात (साल वाकवली की डोळ्यात उडतं ना, तेच ते). हे तेल पाण्यात विरघळत नाही, बटरमधे मस्त विरघळतं. शिवाय मैद्यात पाणी गेलं की ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि बिस्किट खुसखुशीत न होता मोहन कमी पडलेल्या शंकरपाळीसारखं कडक होतं. आणि क्रीममधे रस असेल तर ते पाणी बिस्किट हळूहळू ओढून घेतं, मग मऊ पडणारच.

आता साल. आपलं नागपुरी संत्रं खायला एक नंबर पण साल सैल असते त्यामुळे किसताना आत दबते, म्हणून सोलायच्या आधी अख्खं फळ तासभर फ्रिजमधे ठेवा आणि बारीक किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवा. पांढरा भाग आला की थांबायचं, तो कडू. इम्पोर्टेड ऑरेंजची साल घट्ट असते, किसायला सोपी, पण त्यावर मेण लावलेलं असतं म्हणून कोमट पाण्याने चोळून धुवून पुसून घ्या. मोसंबीच्या नादी लागू नका, सालीला फारसा दम नाही. त्यापेक्षा एका कागदी लिंबाची साल संत्र्याच्या सालीत मिसळा, वास एकदम उठतो.

प्रमाण सांगते, साधारण पंधरा जोड्या होतात. मैदा १५० ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, दोन संत्र्यांची साल. बटर अनसॉल्टेड असेल तर चिमूटभर मीठ, नेहमीचं पिवळं खारं असेल तर मीठ अजिबात नको. घरचं लोणी मी वापरत नाही कारण त्यात ताकाचं पाणी राहतं आणि मग परत तेच पाण्याचं रडगाणं.

आधी साखरेत साल घालून बोटांनी चांगली चोळा, साखर ओलसर केशरी झाली की समजायचं तेल उतरलं. मग त्यात मऊ बटर घालून फेटा. पिस्ते बिनमिठाचे घ्या, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला सुकामेव्याची नि बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत तिथे सगळं एका फेरीत होतं, गाडी मात्र लांब लावून चालत जा. मिक्सरमधे पिस्ते वाटताना दोन चमचे मैदा त्यातलाच घाला आणि थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. अक्रोड वापरणार असाल तर आधी हलके भाजून पूर्ण गार करून वाटा. पिस्ते मी भाजत नाही, हिरवा रंग जातो.

फेटलेल्या बटरमधे पिस्त्याची पूड आणि मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. दोन बटरपेपरच्या मधे लाटून ताटासकट फ्रिजमधे अर्धा तास. एप्रिलमधे पुण्यात हे टाळलंत तर बटर हातातच वितळतं आणि बिस्किटं ट्रेमधे पसरतात. जाडी जेमतेम ४ मिमी ठेवा, दोन एकावर एक येणार आहेत हे विसरू नका! कापायला बाटलीचं झाकणही चालतं. ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) आधी १६० अंश सेल्सिअसला तापवून मधल्या रॅकवर १२ ते १४ मिनिटं, कडा किंचित सोनेरी झाल्या की काढा, तेव्हा मऊ लागतील पण गार झाल्यावर कडक होतात. जास्त भाजू नका, सालीचा वास उडून जातो.

क्रीमसाठी ५० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, एका संत्र्याची साल. आंबटपणा हवाच, पण रसाने नाही, किराणावाल्याकडे ढोकळ्यासाठी मिळतं ते लिंबूसत्त्व चिमूटभर घ्या आणि साखरेबरोबर मिक्सरमधून काढा, तसंच टाकलं तर दाताखाली कचकच येतं. बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. मार्मलेड (संत्र्याचा सालीसकट केलेला जॅम) आवडत असेल तर कडेने क्रीमचं रिंगण करून मधे अगदी थेंबभर, आणि त्याआधी आतल्या बाजूला वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात फिरवा म्हणजे ओल आत शिरत नाही.

बिनभरलेली बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात, क्रीम फ्रिजमधे वेगळं ठेवा आणि पाहुणे यायच्या दिवशी भरा. पावसाळ्यात तर हेच करा, तेव्हा बाहेर ठेवलेलं कुठलंच बिस्किट पुण्यात कुरकुरीत राहत नाही, त्यात तुमचा दोष नाही. आणि पिस्ते महाग वाटले तर काजू घ्या, प्रमाण तेच.