बाळंतपणानंतर पुन्हा धावताना

अगं, बाळ सहा महिन्यांचं झालं, डॉक्टरांनीही हो म्हटलं, तरी पहाटे बूट घालावेसे वाटत नाहीत म्हणालीस. हा आळस नाही. लग्नाआधीचं तुझं धावणं एकटीच्या मोकळ्या वेळेवर उभं होतं, ती वेळच आता उरली नाही. जुनी उमेद परत येईल म्हणून वाट पाहू नकोस. सोबत शोध.

जळगावातच आहेस, तर पहाटे मेहरूण तलावावर ये. दोघी-तिघींशी वार ठरव, मंगळवार आणि शुक्रवार पुरे. कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय म्हटलं की माणूस उठतोच. सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणानंतर माझंही धावणं मैत्रिणींमुळेच सुरू झालं.

सुरुवातीला एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. शेजारणीशी बोलता येईल एवढाच वेग. दम लवकर परत येतो, पण सांधे आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे पट्टे) तयार व्हायला त्याहून जास्त आठवडे लागतात, आणि घाई केली की दुखतं तिथेच. धावताना लघवी गळली किंवा ओटीपोटात जड वाटलं, तर थांब आणि फिजिओथेरपिस्टला दाखव. बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात, तू काढू नकोस. उपचार आहेत.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 43-44 वर जातो, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी. निघण्याआधी बाळाला पाज, म्हणजे छाती जड वाटत नाही. आणि मागे बाळाकडे कोण बघणार, हे आदल्या रात्रीच घरात ठरवून ठेव.