मंगळावरचा सूर्यास्त बघतंय कोण?

मंगळावरची कथा लिहिताना निसर्गवर्णनाला हात घालण्याआधी ठरव, हे बघतंय कोण? मंगळावर मावळत्या सूर्याभोवतीचं आकाश निळसर दिसतं. तिथली बारीक धूळ निळा प्रकाश फारसा न पसरवता पुढेच ढकलते. वरळीहून गेलेली भूगर्भतज्ज्ञ ते बघून थबकेल. मंगळावरच जन्मलेला पोरगा मान वरही करणार नाही. मुंबईत उतरल्यावर त्याला खटकेल जुलैची चिकट हवा, आणि हातातून निसटलेला पेला झेलायच्या आत फुटला हे. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच ना! नवखे इथेच घसरतात: पात्र मंगळाचं, उपमा दादरच्या. धुळीचं कारण मात्र वहीतच राहू दे, पात्राच्या तोंडी नको. परिच्छेदाला दोन तपशील पुरे, त्यातला एक वासाचा किंवा स्पर्शाचा. मसुदा झाला की पात्राला कळणं शक्य नाही असं प्रत्येक वाक्य खोड.