किनाऱ्यावरचं घर: सोळाशे फूट की नऊशे?

प्रश्न: आम्ही सानपाड्याला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला १ लाख ९० हजार. राहत्या घराचा हप्ता ४२ हजार, अजून सहा वर्षं. एफडी १८ लाख, इक्विटी म्युच्युअल फंडात ४० लाख. मुलगी अकरावीत. अलिबाग तालुक्यात ३० बाय ८० फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. दोन्ही बाजूंना घरं, समुद्र चालत पाच मिनिटांवर. १,६०० चौरस फुटांच्या दुमजली घराला कंत्राटदार २,८०० रुपये दर सांगतोय. ३० लाखांचं कर्ज काढावं का? कर तरी वाचेल. घर भरपूर उजेडाचं हवं, पण शेजारच्या खिडक्या अंगावर येऊ नयेत.

उत्तर: घर जरूर बांधा, पण नऊशे फुटांचं, आणि कर्ज १६ लाखांच्या वर जाऊ देऊ नका.

आधी कोटेशन नीट मांडू. १,६०० फुटांचे ४४ लाख ८० हजार होतात. मालासकट कंत्राट असेल तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ५३ लाख. कुंपण, सेप्टिक टँक, बोअर, वीजजोडणी, आर्किटेक्टची फी या गोष्टी त्या दरात सहसा नसतात. त्यांचे ६ लाख धरा. झाले ५९.

आता तुमच्याकडे खरोखर मोकळे किती? एफडीतले ८ लाख अडीअडचणीसाठी राहू द्या. फंडातले २० लाख मुलीच्या शिक्षणाचे. तिचं कॉलेज दोन वर्षांवर आहे, तेव्हा ही रक्कम आतापासूनच हळूहळू इक्विटीतून काढून एफडीत आणा. ६ लाख निवृत्तीसाठी तसेच ठेवा. उरले एफडीतले १० आणि फंडातले १४, एकूण २४. ३० लाखांचं कर्ज धरूनही ५ लाख कमी पडतात आणि ते मुलीच्या वाट्यातूनच जाणार. शिवाय साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण २९,५००, म्हणजे व्याजच २३ लाखांच्या वर.

नऊशे फुटांचं घर, दर मुद्दाम वाढवून ३,२०० धरला तरी, जीएसटीसह ३४ लाखांत बसतं. वरचे ६ मिळवून ४०. तुमचे २४ आणि १६ लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी, हप्ता १९,८००.

आणि उजेड फुटांवर अवलंबून नाही. तुमचा प्लॉट पूर्व-पश्चिम लांब आहे असं धरतो. मंजूर नकाशात दोन्ही बाजूंना ५-५ फूट सोडायचे असतील तर रुंदी २० फूट उरते. ती सगळी भरून टाकली की मधल्या खोल्यांत दिवसाही दिवे लागतात आणि बाजूची खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची खिडकी. त्याऐवजी घराच्या मध्यावर, दक्षिण बाजूला १२ बाय १४ फुटांचा चौक सोडा. पुढे २० बाय १६ चा भाग, मागे २० बाय १० चा आणि उत्तरेकडून दोघांना जोडणारी ८ फुटांची पट्टी, तीत जेवणाची जागा. अलिबागला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. शेजारचं घर २० फूट उंच असेल तर त्याची सावली १८ फूट पडते. त्यातले १० फूट दोघांच्या मोकळ्या जागेत जातात, ८ तुमच्या चौकात. उरलेल्या ४ फुटांत ऊन थेट जमिनीवर आणि पुढे जेवणाच्या जागेत. चौक ८ फुटांचाच ठेवलात तर ऐन हिवाळ्यात त्यात ऊन उतरणारच नाही. वरची एक खोली पश्चिमेच्या भागावर घ्या. तिच्यामुळे चौकावर दुपारनंतरची सावली येते. सगळ्या मोठ्या खिडक्या चौकाकडे, शेजाऱ्यांच्या बाजूला फक्त साडेपाच फुटांच्या वरचे झरोके.

दर वाढवून का धरला? खाऱ्या हवेसाठी. इथे हात आखडता घेऊ नका. भारतीय मानक ४५६ प्रमाणे उघड्या किनारी हवेत आरसीसीला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. घरबांधणीत सर्रास एम-२० आणि २०-२५ मिमीवर भागवतात. मीठ सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. स्लॅब ओतण्याआधी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखालचे ठोकळे, स्वतः टेप लावून मोजा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर तपासून घ्या: लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड असेल तर काँक्रीटसाठी टँकर मागवा. खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या. ३०४ वर किनाऱ्यालगत तांबूस डाग येतात.

कर वाचण्याचं मनातून काढा. नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या रचनेत दोन्ही घरं मिळून मर्यादा माणशी २ लाखांचीच, आणि कर्ज एकाच्याच नावावर असेल तर तुमच्या हप्त्याकडे पाहता ती पहिल्याच घरात बहुतेक संपते. दिलासा इतकाच की दुसरं घरही स्वतःसाठी ठेवलं तर त्यावर काल्पनिक भाडं उत्पन्न म्हणून धरत नाहीत. फंडातले १४ लाख मात्र मार्चच्या आधी निम्मे आणि एप्रिलनंतर निम्मे काढा. इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावर दर वर्षी माणशी सव्वा लाखाची सूट मिळते, त्याहून जास्त नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो.

राखणदार, रंग, घरपट्टी, वीज आणि वादळाचं कव्हर असलेला विमा यांचे वर्षाला सव्वा लाख बाजूला ठेवा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ याच रायगड किनाऱ्यावर आदळलं होतं, तेव्हा विमा टाळू नका. वीकेंडला भाड्याने देऊन हा खर्च निघेल असं गणित धरू नका. तुम्हाला घर खासगी हवं आहे.

कंत्राटदाराला बयाणा देण्याआधी भरतीरेषेपासूनचं अंतर अधिकृत संस्थेकडून १:४,००० च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नकाशावर लेखी काढून घ्या. समुद्राच्या बाजूला ही हद्द ५०० मीटरपर्यंत असते आणि ग्रामीण भागात त्यातला पहिला पट्टा बांधकामाला बंद असतो, बऱ्याच गावांत तो २०० मीटरचा आहे. प्लॉट त्यात निघाला तर मंजूर नकाशा नाही आणि कर्जही नाही. त्या पट्ट्याबाहेर असेल तर मोजणी, परवानगी, मग कर्ज, काम ऑक्टोबरात सुरू आणि स्लॅब जूनच्या आत. पैसे जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्या आणि शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा पार पडून गळती तपासल्यावर.